चिरूट आणि तेंदूपान

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना चिरुटाचा शौक होता, आणि तोही क्युबाच्या चिरुटाचा. गोष्ट १९६२ च्या फेब्रुवारीतली आहे. एका संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना बोलावले आणि उद्या सकाळपर्यंत हजारभर चिरूट मिळवा, असे सांगितले. सॅलिंजर रात्रीत वॉशिंग्टनमधली दुकाने हिंडले आणि बाराशे चिरूट मिळाल्याची वर्दी घेऊन सकाळी हजर झाले. केनेडींनी समाधानाने टेबलाचा खण उघडला, एक कागद बाहेर काढला आणि त्यावर सही केली. क्युबाशी असलेला व्यापार बंद करणारा तो हुकूम होता. ही हकिगत सॅलिंजर यांनीच पुढे लिहिली आहे.

ऐकून हसू येते. पण बंदी आली की वस्तूचे काय होते, हे त्या माणसाला नेमके ठाऊक होते.

पुढे झालेही तसेच. क्युबात क्रांतीनंतर चिरुटांचे कारखाने सरकारजमा झाले, तेव्हा अनेक मालक आणि कारागीर देश सोडून गेले. त्यांनी डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा या देशांत क्युबाच्याच बियाण्याची तंबाखू लावली आणि उत्तम चिरूट वळले. अमेरिकन माणसाला ते राजरोस मिळत होते. तरी खिशातून क्युबाचा चिरूट काढणाऱ्याचा रुबाब वेगळाच राहिला. त्या रुबाबावर पोट भरणारे नकली मालाचे कारखानदारही निघाले. २०१४ साली प्रवाशांना थोडे चिरूट सोबत आणायची सवलत जाहीर झाली, २०१६ मध्ये ती वाढली आणि २०२० च्या सप्टेंबरात काढून घेतली गेली. म्हणजे साठ वर्षांनंतरही तो चिरूट निषिद्धच आहे, आणि म्हणूनच तो हवाहवासा आहे.

गंमत अशी, की एके काळी हा मान आपल्याकडच्या चिरुटाला होता. तमिळनाडूतल्या त्रिचनापल्लीचे चिरूट इंग्लंडात जात. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली आली. तीत तो फरशीवरची राख पाहून सांगतो, की खुनी त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता. लंडनच्या माणसाला आपला चिरूट परदेशी, आपल्याला हवानाचा परदेशी. लांबून आलेल्याचे कौतुक सगळीकडे सारखेच.

आपल्या देशातही स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध होते. परकीय चलन तुटपुंजे, त्यामुळे ते आधी यंत्रांना, धान्याला आणि तेलाला. घड्याळे, अत्तरे, सिगारेटी यांना जागा नव्हती. धोरण म्हणून ते समजण्याजोगे होते. पण त्यातून 'फॉरेनचा माल' नावाची एक चीजच जन्माला आली. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तिथे परदेशी घड्याळे आणि दारू सहज मिळे, ती सीमा ओलांडून सावंतवाडी-बेळगावकडे झिरपे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना अशा मालासाठी प्रसिद्ध होता. दुबईहून, कुवेतहून कुणी आले की त्याच्या बॅगेभोवती सगळी आळी गोळा व्हायची. उल्हासनगरात बनलेल्या वस्तूंवर 'मेड इन यूएसए' असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आहे, हा विनोद तेव्हा महाराष्ट्रभर चालत असे. लोक हसत आणि तीच वस्तू घेत.

वरोऱ्यासारख्या गावातही हे वारे पोचले होते. आमच्या ओळखीच्या एका लाकडाच्या ठेकेदारांकडे बैठकीतल्या काचेच्या कपाटात एक लाकडी पेटी होती. तिच्यावर सोनेरी किनारीचा कागद, आत पातळ लाकडाचा पापुद्रा. कोणा साहेबाने त्यांना ती चिरुटांनी भरून दिली होती. चिरूट केव्हाच संपले. पण खास पाहुणा आला की काका पेटी खाली काढत, झाकण उघडून त्याच्या नाकाजवळ धरत आणि म्हणत, "घ्या, वास घ्या." पाहुणे डोळे मिटून वास घेत. आम्हा पोरांनाही एकदा तो मान मिळाला. मला तर त्यात जुन्या लाकडाचाच वास आला. पण तसे म्हणायची सोय नव्हती. काका स्वतः ओढायचे ते बिडी, आणि तीही मागच्या अंगणात, पाहुणा गेल्यावर.

१ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले. जकात राहिली, पण परदेशी वस्तू उघडपणे दुकानात मांडल्या गेल्या. त्यानंतर 'फॉरेनचा' हा शब्द बघता बघता फिका पडला. वस्तू त्याच होत्या. त्यांच्यावरची बंदी तेवढी गेली, आणि बंदीने चढवलेला मुलामाही तिच्याबरोबर गेला.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्याने बंदीचा आणखी एक अनुभव घेतला. १ एप्रिल २०१५ पासून इथे दारूबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. ती मागणाऱ्या बायांनी घरे मोडताना पाहिली होती. त्यांची मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पण वरोऱ्याहून वणीकडे निघाले की वर्धा नदी ओलांडताच यवतमाळ जिल्हा लागतो, आणि तिथे दुकाने उघडी होती. चोरून आणलेल्या बाटलीला दामदुप्पट मोजणारेही होते. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. बंदी घेणाऱ्याच्या वाटेत उभी राहिली की वस्तूचा भाव चढतो, एवढेच इथेही दिसले.

मग प्रत्येक बंदीने वस्तू मोठी होते का? याचे उत्तर शोधायला हवानापर्यंत जायला नको. ते काकांच्या अंगणातल्या बिडीत आहे.

बिडी ज्या पानात वळतात ते तेंदूचे पान आमच्या जंगलाचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी होते, नवी कोवळी पालवी फुटते आणि मे महिन्यात जेमतेम दोन-तीन आठवडे तोडणी चालते. माणसे अंधारातच जंगलात शिरतात, कारण ऊन चढले की काम होत नाही. दुपारी घरातली लहानथोर मंडळी बसून पाने जुळवतात. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा एक शेकडा. म्हणजे एका शेकड्यासाठी सात हजार पाने हाताखालून जातात. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या केंद्रावर, मोजून द्यायचे. याच हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्याची बातमी आमच्याकडे जवळजवळ दर वर्षी येते.

या पानावरही बंदी होती. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानांच्या व्यापाराचा मक्ता सरकारकडे गेला. पान तोडायला हरकत नव्हती. पण ते विकायचे फक्त सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या ठेकेदाराला, ठरलेल्या दराने. दुसऱ्या कोणाला विकणे, परवान्याशिवाय वाहून नेणे गुन्हा. व्यापारी आदिवासींना नाडतात, ते थांबावे हाही त्यामागचा एक हेतू होता. प्रत्यक्षात मात्र पान तोडणाऱ्याच्या दारात एकच गिऱ्हाईक उरले. आणि एकच गिऱ्हाईक असले की भाव कोण ठरवतो, हे बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा सांगेल.

दोन्हीकडे व्यापारावर बंदीच. मग क्युबाच्या चिरुटाचे सोने झाले आणि तेंदूपानाचे का झाले नाही? कारण बंदीचे तोंड वेगवेगळ्या बाजूंना होते. चिरुटाच्या बंदीने घेणाऱ्याला अडवले. तो श्रीमंत होता, हौशी होता. अडल्यावर त्याची हौस वाढली आणि खिसा आणखी उघडला. तेंदूच्या बंदीने विकणाऱ्याला अडवले. त्याला घरी जाऊन चूल पेटवायची होती, आणि दोन पावसांत भिजले की पान वाया जाते. अडल्यावर तो मिळेल त्या भावाला तयार झाला. पहिल्या बंदीने वस्तूला मान दिला, दुसरीने माणसाचा मान घेतला.

हे चित्र बदलायला चाळीसेक वर्षे लागली. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २७ एप्रिल २०११ रोजी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाले. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. पाठोपाठ विदर्भातल्या काही ग्रामसभांनी तेंदूपानांचे लिलाव स्वतः करायला घेतले. सगळे गोड झाले असे नाही. एका वर्षी भाव चढला तर दुसऱ्या वर्षी पडला, पैसे थकवणारे ठेकेदारही भेटले. पण समोर एकाऐवजी चार गिऱ्हाइके उभी करता येतात, हे गावांना कळले.

तंबाखू चिरुटात असो की बिडीत, शरीराचे नुकसान सारखेच करते. बिडी वळणाऱ्या आणि पान तोडणाऱ्या हातांना दुसरा चांगला रोजगार मिळायला हवा, हेही खरे. तो मिळेपर्यंत त्यांच्या घामाचा हिशेब तरी नीट व्हावा.

न मिळणाऱ्या वस्तूंच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. न विकता येणाऱ्या वस्तूंच्या गोष्टी फारशा कोणी सांगत नाही. मे महिन्यात वरोऱ्याहून चिमूरकडे किंवा पुढे गडचिरोलीच्या जंगलात जाणे झाले, तर रस्त्याकडेला पुडे वाळत घातलेले दिसतील. घटकाभर थांबा आणि तिथल्या बाईला विचारा, यंदा शेकड्याला काय भाव मिळाला, आणि तो कोणी ठरवला?