पाइनचे लाकूड आपल्या घरात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बीड जिल्ह्यात पाइनचे जंगल नाही. बालाघाटाच्या डोंगरावर बाभूळ, हिवर, कडुलिंब, सीताफळ दिसेल. पाइन दिसणार नाही. तरीही बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी, कुठल्याही गावच्या लाकडाच्या वखारीत जा, पांढुरक्या-पिवळसर फळ्यांची थप्पी हमखास दिसते. लग्नातला पलंग, देवघर, मुलांचे अभ्यासाचे टेबल, सोफ्याचा सांगाडा अशा कितीतरी वस्तू आता या लाकडात होतात.

मी धंद्याने सुतार. माझा हात बाभळीवर बसला, संसार सागावर चालला आणि गेली अनेक वर्षे पाइनवर काम करतो आहे. या लाकडाबद्दल दोन टोकांची मते रोज कानावर पडतात. एक जण म्हणतो, ‘हे खोक्याचे लाकूड, दोन वर्षांत भुसा होणार.’ दुसरा म्हणतो, ‘पॉलिश केले की साग आणि पाइन एकच.’ दोन्ही खरे नाही, आणि दोन्हींमध्ये पैसे जातात ते गिऱ्हाइकाचे. आपल्याकडे सहा-सहा महिने उसाच्या फडात कोयता चालवून मुलीच्या लग्नाची जमवाजमव करणारी माणसे आहेत. त्यांचा पलंग पाच वर्षांत खिळखिळा झाला, तर दुसरा घ्यायला पैसे कुठून आणायचे? म्हणून हे लाकूड समजून घेतले पाहिजे.

आधी आपल्या ओळखीच्या लाकडापासून सुरुवात करू. आपल्या भागातल्या सुताराची खरी शाळा म्हणजे बाभूळ. तिफण, कुळव, जू, बैलगाडीच्या चाकाचे आरे, सगळे बाभळीचे. एक घनमीटर वाळलेली बाभूळ सुमारे ८०० किलो भरते. साग ६५०च्या आसपास. बाजारात सर्रास येणारे पाइन ५००च्या आत-बाहेर. म्हणजे बाभळीची जी फळी आठ किलोची, तेवढीच पाइनची फळी साधारण पाच किलोची. पुढे गाडीला टायर आले, तिफणीचे काम ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राकडे गेले, बलुत्याचे धान्य थांबले. सुतार शेतातून घरातल्या कामाकडे वळला. साग महाग होत गेला आणि ती जागा पाइनने घेतली.

हे लाकूड येते कुठून? पाइनच्या जगात शंभरावर जाती आहेत. हिमालयात चीड आणि कैल या त्यातल्याच. जुनी माणसे ज्याला ‘देवदारी खोके’ म्हणत, त्यात चीड, कैल, फर, स्प्रूस असे काहीही असायचे. नाव मात्र देवदाराचे. खरा देवदार वेगळा, तो पाइन नव्हेच. आपल्या वखारीत येणारे पाइन बहुतेक परदेशातले. न्यूझीलंडचे रेडिएटा पाइन त्यात फार वर्षे आघाडीवर होते. उरुग्वे, अमेरिका, युरोप इथूनही माल येतो. ओंडके जहाजाने गुजरातेत कांडला बंदरात उतरतात, शेजारच्या गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जातात आणि फळ्या ट्रकने आपल्यापर्यंत पोचतात. रेडिएटाचे मूळ घर कॅलिफोर्नियाचा किनारा. न्यूझीलंडमध्ये त्याची शेतासारखी लागवड करतात आणि पंचवीस-तीस वर्षांत झाड तोडीला येते. सागाला चांगला गाभा धरायला याच्या दुप्पट तरी काळ लागतो. पाइनची स्वस्ताई आणि पाइनचा मऊपणा, दोन्हींचे मूळ या वाढीत आहे.

आता ओळख. फळीचे टोक धारदार पटाशीने स्वच्छ तासून उजेडात धरा. साग किंवा बाभूळ असेल तर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. पाइनमध्ये तशी छिद्रे नसतात. तिथे फिकट आणि गडद असे पट्टे आळीपाळीने दिसतात. फिकट पट्टा मऊ, गडद पट्टा कडक. नखाने दाबून पाहा, फिकट भागात वळ उमटतो. त्यामुळे रंग देऊन पाइन साग म्हणून कोणी विकत असेल, तर पलंगाची फळी उलटी करा किंवा ड्रॉवरचे टोक पाहा. तिथे सहसा रंग पोचलेला नसतो.

पाइनचे गुण सांगतो. ते वजनाला हलके, कापायला सोपे, गोंद चांगला धरते, रंग उत्तम घेते, आणि वजनाच्या मानाने ताकदही चांगली देते. दोषही सांगतो. ते मऊ आहे, त्यात गाठी असतात, गाठीतून राळ पाझरते, आणि वाळवीला तोंड देणारे द्रव्य त्याच्या अंगी नाही. सागाच्या गाभ्यात ते निसर्गतःच असते. हीच राळ गाळून टर्पेंटाइन बनते, जे घेऊन रंगारी रंग पातळ करतो. पण राळ आहे म्हणून वाळवी लागणार नाही, हा समज चुकीचा.

खरेदी करताना पहिली गोष्ट पाहायची ती ओल. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या घरात तर भट्टी होते. ओली फळी घरात आली की आकसते, वाकते, सांधे उघडतात. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. यंत्र नसेल तर सोपा उपाय आहे. फळीचा छोटा तुकडा किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, घरात सावलीत ठेवा, आठवड्याने पुन्हा तोला. वजन उतरत असेल तर लाकूड अजून ओले आहे. थप्पी लावताना दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे वारा खेळतो. फळीवर निळसर डाग दिसला तर तो बुरशीचा असतो. त्याने ताकद फारशी घटत नाही, दिसायला मात्र वाईट. ज्या गाठीभोवती काळे कडे आहे ती मेलेली गाठ. ती पुढे निखळून पडते. अशी गाठ पायात किंवा पलंगाच्या लांब पाटीत येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट हिशेबाची. लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करून १४४ने भागा. सात फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ६३ भागिले १४४, साधारण पाऊण नव्हे, अर्ध्या घनफुटाहूनही थोडी कमी. शिवाय एक इंची कच्ची फळी दोन्ही बाजूंनी रंधा मारल्यावर पाऊण इंचाच्या आसपास उरते. दर ठरवताना मोजमाप रंध्याआधीचे की नंतरचे, हे विचारून घ्या.

बरेच लोक कारखान्यांच्या पेट्यांचे आणि पॅलेटचे पाइन वापरतात. त्यात गैर काही नाही, पण त्यावरचा शिक्का वाचा. एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. शिक्क्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असते. त्याशेजारी इंग्रजी ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते लाकूड धान्याच्या कोठीला, खेळण्यांना, पाळण्याला वापरू नका. आणि लक्षात ठेवा, ‘एचटी’ म्हणजे आतली कीड मेली एवढेच. नंतर वाळवी लागणार नाही अशी ती हमी नाही. तेलाचे, रसायनाचे डाग असलेली फळी तर घरात आणूच नका.

आता कामाबद्दल, विशेषतः नव्या पोरांसाठी. मऊ लाकूड म्हणून बोथट हत्यार चालेल असे समजू नका. उलट पाइनला धार जास्त लागते. बोथट रंधा धागे कापत नाही, चेंगरतो आणि उपटतो. खिळा मारण्याआधी त्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करा, म्हणजे लाकूड फाटत नाही. स्क्रूला आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा. फळीच्या टोकाकडून धाग्यांच्या दिशेने घातलेला स्क्रू घट्ट धरत नाही, हलत्या वस्तूत तो लवकर सुटतो. पाइनचा पलंग खिळखिळा होतो त्याचे मोठे कारण हेच. एका लाकडाला भोक आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारे कुसू, असा सांधा करून गोंद लावला तर पाइनचा पलंग वर्षानुवर्षे टिकतो. काम जास्त, मजुरी जास्त, पण ती मजुरी देण्यासारखी आहे.

कपाटाच्या फळीबद्दलही एक सांगतो. पुस्तके ठेवायची असतील तर पाऊण इंची पाइनची फळी आधाराशिवाय अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नका, ती मध्ये झुकते. जाडी दुप्पट केली तर फळीचा ताठपणा आठपट होतो. म्हणून लाकूड वाचवायचे तर रुंदीत वाचवा, जाडीत वाचवू नका.

पॉलिशच्या आधी गाठींवर लाखेचा हात द्या, नाहीतर उन्हाळ्यात राळ वर येते आणि पिवळा डाग पडतो. रंग पातळ करून सरळ लाकडाला लावला तर मऊ पट्टा जास्त पितो, कडक पट्टा कमी, आणि फळी डागाळलेली दिसते. आधी पातळ लाख, मग रंग. साधे जवसाचे उकळलेले तेलही पाइनवर छान बसते. मात्र तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. वस्तू पडून खळगा पडला तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा, पॉलिश नसलेल्या लाकडात खळगा बराच भरून येतो.

पाइन कुठे नको, हे सांगून संपवतो. न्हाणीघराच्या दाराला नको. जमिनीत गाडायच्या खांबाला नको. बाहेरच्या चौकटीला, माळवदाच्या तुळईला नको. तिथे साग, बाभूळ किंवा लोखंड. सारवलेल्या जमिनीवर पाइनची वस्तू ठेवायची असेल तर पायाखाली फरशीचा तुकडा किंवा रबराची टोपी घाला आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. वाळवी मातीतून चढते. तिला वाट दिसू द्या, म्हणजे आपल्याला ती दिसते. बाजारात औषध मुरवलेले पाइनही मिळते, पुष्कळदा हिरवट झाक असलेले. पाइन औषध चांगले पिते, म्हणून ते बाहेर टिकते. पण त्याचे तुकडे चुलीत घालू नका. त्या औषधात तांबे आणि कधी कधी सोमलही असतो, आणि तो धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो.

माझ्या सुतार बांधवांना एवढेच सांगणे आहे की पाइन हे पाइन म्हणूनच विका. कुठे वापरायचे, कुठे नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. आणि गिऱ्हाइकांनो, पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: लाकूड कोणते, वाळलेले आहे का, सांधा कशाचा? या तिन्हींची सरळ उत्तरे देणारा सुतार मिळाला, तर त्याच्या हातचे पाइन बिनधास्त घरात आणा.