घंटेचा नाद आणि प्रथिनांचा शोध
(वार्षिक संमेलनात, त्र्यंबकेश्वर येथे केलेले भाषण)



नव्या शास्त्रातील एखादा विषय सुबोध करून सांगावा, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु सारी हयात अंकगणित शिकविण्यात गेली, आणि आजचा विषय मुळात अंकगणिताचाच आहे. गलबल्यातून मंद नाद कसा ओळखावा व त्यासाठी हाती असलेला वेळ कसा खर्चावा, एवढाच तो प्रश्न होय.

इस्पितळातील एम. आर. आय. तपासणी आपणांपैकी अनेकांच्या परिचयाची आहे. ती ज्या तत्त्वावर चालते, त्याला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. हायड्रोजनसारख्या अणूंची केंद्रके ही जणू चिमुकली चुंबके. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांना रेडिओलहरीचा क्षणिक आघात दिला, की ती घंटेप्रमाणे नादतात. शेजारी कोणते अणू आहेत त्यानुसार प्रत्येकाचा सूर किंचित निराळा लागतो, आणि त्या सुरांवरून रेणूची घडण उमगते. 1946 साली ब्लॉक व पर्सेल यांनी हे स्वतंत्रपणे दाखविले. 1952 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या शास्त्राच्या बाल्यावस्थेतच आपल्या देशाचा हात त्याला लागला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. साध्या मद्यार्कातील हायड्रोजनचे तीन वेगळे सूर 1951 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ऐकले गेले. त्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांत अरनॉल्ड व पॅकार्ड यांच्याबरोबर एस. एस. धर्मट्टी हे नाव आहे. पुढे धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला. तेथेच 1983 मध्ये या उपकरणांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. त्या संस्थेतील प्राध्यापक होसूर यांनी प्रथिनांतील सुरांची ओळख पटविण्याच्या नव्या पद्धती दिल्या. 2014 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

आता प्रथिनांकडे वळू. मद्यार्कात सूर तीन. प्रथिनात ते शेकडो, आणि एकमेकांवर चढलेले. म्हणून ते दोन वा तीन मितींत पसरून पाहावे लागतात. पण हे नाद अतिशय क्षीण असतात. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी लोटलेली असताना दूरच्या देवळातील लहानशी घंटा ऐकावी, तशी ही स्थिती. द्रावणात प्रथिन वाढवावे म्हटले, तर कंपवातासारख्या विकारांशी निगडित प्रथिने दाटी होताच गुठळ्या धरतात. वेळ वाढवावा म्हटले, तर कित्येक प्रथिने काही दिवसांत नळीतच बिघडतात.

मग प्रयोग पुनःपुन्हा करून बेरीज घेणे, हा रूढ उपाय. परंतु त्याचा हिशेब कठोर आहे. चार वेळा ऐकले, तर नाद चौपट होतो आणि गलबला दुप्पट. म्हणजे स्पष्टता केवळ दुपटीने वाढते. तिप्पट स्पष्टतेस नऊपट वेळ हवा. त्यात दुसऱ्या व तिसऱ्या मितीतील नाद एका दमात ऐकता येत नाही. अमुक क्षणी त्याची स्थिती काय, हे विचारण्यास दर वेळी प्रयोग नव्याने करावा लागतो. दोन्ही मितींत 64 क्षण घेतले, तर 64 गुणिले 64 म्हणजे 4,096 जागा झाल्या. प्रत्येकीला 64 सेकंद दिले, तर सुमारे 73 तास, म्हणजे तीन दिवस लागतात.

येथे विषम अंतराने नमुने घेण्याची युक्ती उपयोगी पडते. 1987 साली बार्ना व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की प्रत्येक क्षणाला सारखा वेळ देण्याचे कारण नाही. घंटेचा नाद आरंभी मोठा असतो व पुढे विरत जातो. गलबला मात्र शेवटपर्यंत तेवढाच राहतो. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. चार क्षणी नादाचे बळ अनुक्रमे 8, 4, 2 व 1 आहे आणि आपल्याला एकूण 16 वेळा ऐकता येते. प्रत्येक क्षणी चार वेळा ऐकले, तर बेरीज 60 होते. त्याऐवजी अनुक्रमे 8, 4, 3 व 1 वेळा ऐकले, तर 64, 16, 6 व 1 मिळून 87. ऐकण्याची संख्या तीच, म्हणून गलबलाही तेवढाच. नाद मात्र जवळजवळ दीडपट. हाच लाभ पुनरावृत्तीने मिळवायचा, तर दुपटीहून अधिक वेळ लागला असता.

मग शेवटचे क्षण अजिबात का सोडू नयेत? कारण दोन सूर अगदी जवळचे असतील, तर त्यांतील फरक नाद विरताना कळतो. आणि एकाआड एक क्षण नेमाने गाळला तर? चित्रपटात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तशी फसगत होते. एक सूर दुसऱ्याचे सोंग घेतो. म्हणून क्षण वेचायचे ते अनियमितपणे, आरंभी दाट व पुढे विरळ. गाळलेल्या जागांचा तर्क संगणक गणिताने करतो. एम. आर. आय. तपासणीचा वेळ कमी करण्यासाठीही आज याच जातीची युक्ती वापरतात.

येथे सावधगिरीचा एक शब्द. जागा नुसत्या कमी केल्या म्हणून स्पष्टता वाढत नाही. त्या नाद जेथे बलवान तेथे वेचल्या, तरच वाढते. शिवाय गणिताने भरलेली जागा म्हणजे प्रत्यक्ष ऐकलेला नाद नव्हे. फार थोड्या नमुन्यांवर विसंबले, तर क्षीण पण खरा सूर निसटतो, अथवा नसलेला सूर असल्याचा भास होतो. म्हणून प्रामाणिक संशोधक आपले निष्कर्ष दुसऱ्या मार्गाने पडताळून घेतो.

मातृभगिनींना यात नवल वाटणार नाही. काटकसर म्हणजे कमी खर्च करणे नव्हे, तर योग्य ठिकाणी खर्च करणे, हे त्या जाणतातच. विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की या थोर विद्येच्या दाराशी वर्ग, वर्गमूळ आणि बेरीज उभी आहेत. ती तुमच्या शाळेच्या पुस्तकातलीच आहेत. त्यांना भिऊ नका. आणि पालकांना विनंती, की मुलगा असो वा मुलगी, तिने गणिताची वाट धरली तर 'याचा उपयोग काय' असे विचारून तिला मागे ओढू नका. त्या वाटेवर पुढे कुठे एखाद्या दुखण्याचे मूळ सापडेल, हे आज कोणास सांगता येणार?