बी.कॉम.च्या मुलांनी आमच्या वह्या पाहाव्यात
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



कॉलेजातली मुले आणि मोबाइलवरचा नवा व्यापार ह्या विषयावर मी बोलावे असे ठरले, तेव्हा मला हसूच आले. मी सातवी शिकलेली बाई. विद्यापीठाच्या अभ्यासाविषयी मी काय सांगणार? परंतु आगळ, आमसुले, खाजे विकून आपण ज्या व्यापारात पडलो आहोत, त्याचेच शिक्षण ही मुले घेत आहेत. तेव्हा आपलेही दोन शब्द असायला हरकत नाही.

२०१६ साली यू.पी.आय. सुरू झाले आणि बघता बघता मासळीच्या पाटीपाशीही तो काळापांढरा चौकोन आला. गेल्या मे महिन्यात आपल्या एका भगिनीकडून पर्यटकांनी सातशे रुपयांचा माल घेतला, मोबाइलवर ‘पैसे गेले’ असे चित्र दाखवले आणि गाडीत बसून निघून गेले. संध्याकाळी पाहते तो खात्यात काही नाही! शेजारी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी बसली होती. “पैसे इले मा गो?” असे विचारल्यावर तिनेही ते चित्र पाहून मान डोलावली होती. पोर हुशार आहे, पहिल्या वर्गात पास होते. परंतु गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचे चित्र ही पावती नव्हे, रक्कम आपल्या खात्यात दिसली तरच ती जमा, हे तिला कोणी परीक्षेत विचारलेच नव्हते. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, आणि फसगत झाली तर १९३० ह्या क्रमांकावर तात्काळ कळवावे, हेही पेपरात येत नसावे.

रोजकीर्द, खतावणी शिकू नये असे मी म्हणत नाही. उलट तीच आता अधिक लागते. तारकर्लीला खोली देणाऱ्या बाईचे पाहा. भाडे दोन हजार, संकेतस्थळाचे कमिशन समजा पंधरा टक्के. म्हणजे तीनशे तिथेच गेले. उरलेले कोणत्या दिवशी खात्यात आले, परत गेलेल्या पाहुण्याचे पैसे कोणी सोसले, बँकेच्या उताऱ्याशी वहीचा मेळ बसतो का? हा हिशेब पुस्तकातल्या ‘अ’ आणि ‘ब’ ह्या भागीदारांच्या हिशेबापेक्षा अवघड आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवी घेताना प्रत्यक्ष काम शिकण्याला जागा दिली आहे. त्यासाठी मुलांनी मुंबईच्याच कचेऱ्या का शोधाव्यात? एका हंगामापुरती दोन मुले आपल्या मंडळात यावीत. त्यांनी आपल्या वह्या पाहाव्यात, मेळ घालावा, चुकेल तिथे आपल्याला विचारावे. पिन मात्र त्यांनाही सांगायचा नाही. काही जणींना वाटते, वही उघडली तर घरच्यांपासून राखलेली शिल्लक कळेल. ती शिल्लक वेगळ्या डब्यात ठेवा, मंडळाच्या वहीत कशाला?

प्राचार्यांना द्यायचा अर्ज मी लिहून आणला आहे. शुद्धलेखन कोणीतरी तपासावे, म्हणजे आजच सह्या करता येतील.