दरी खालून पाहताना



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले, त्यात विषय दिला होता ‘आल्प्स पर्वतातील दऱ्यांची पायी भ्रमंती’. पत्र वाचून आमच्या घरी बराच हशा झाला. कारण आल्प्सशी माझा परिचय नकाशे आणि पुस्तके यांच्या पलीकडे नाही. तीस-पस्तीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला खरा, पण भूगोलाच्या मास्तराने जग पाहिलेले असते हा समज चुकीचा आहे. मी चालकांना प्रांजळपणे लिहून कळवले की, आल्प्स मला ऐकून ठाऊक आहे. पायाखालून घातल्या आहेत त्या फक्त आपल्या गाविलगडच्या डोंगरातल्या दऱ्या. त्यांचे उत्तर आले, ‘मग दोन्ही सांगा.’ तेव्हा आज दोन्ही सांगणार आहे. मात्र घरचे अधिक, बाहेरचे कमी.

आपण सगळे चिखलदऱ्याला जातो. पाहुणे आले की नेतो, नवे लग्न झाले की जातो, पहिला पाऊस पडला की मक्याची कणसे खायला जातो. तिथे जाऊन काय करतो? देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, भीमकुंड अशी एकेका कठड्याला हजेरी लावतो. पंचबोलला हाक मारून किती वेळा परत येते ते मोजतो. भीमाने कीचकाला इथेच लोटले, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा झाला, ही कथा मुलांना सांगतो. फोटो काढतो, चहा पितो, आणि दरी पाहिली असे समजून संध्याकाळी घाट उतरून परत येतो. मीही कित्येक वर्षे हेच केले. परंतु वरून जे दिसते ती दरी नव्हे, ती दरीची उघडी पडलेली बाजू. घराच्या गच्चीवर उभे राहून अंगण पाहावे तसे ते आहे. दरी ही पाण्याने केलेली वस्तू आहे, आणि पाणी तळाशी असते. ते ज्या वाटेने गेले त्या वाटेने आपण गेलो तरच तिची करणी समजते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटरवर आहे, जवळचे वैराट त्याहूनही थोडे उंच. आपले परतवाडे त्यामानाने पायथ्याशीच, सातशे-साडेसातशे मीटर खाली. एवढी उंची हे नाले काही कोसांत उतरतात. हा डोंगर बहुतेक सगळा काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भुईच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा. तो एकदम वाहिला नाही. एक थर आला, थिजला, त्यावर दुसरा आला. थराचा मधला भाग कठीण, वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखा लाल मातीचा पट्टा. नाल्याच्या पात्रातून चढू लागलात म्हणजे हे पुस्तकाविना कळते. कठीण थर आला की समोर भिंत उभी राहते, तिच्यावरून धार पडते आणि खाली डोह असतो. मऊ थर आला की कपार लागते, तिथे सावलीत बसून शिदोरी सोडावी. कपारीच्या छतात पांढरे स्फटिक चमकतात. ते लाव्ह्यातल्या जुन्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून तयार झालेले. खडकात गोल गोल रांजणखळगे दिसतात. आत गोटे असतात, आणि पावसाळ्यात पाणी ते गोटे फिरवून फिरवून खळगा खोल करीत असते. जात्यावर दळण चालावे तसे ते काम. फक्त ते पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

आणखी एक गोष्ट वरून कधीच दिसत नाही. सातपुड्याचा हा कडा आपल्या मैदानाला जिथे मिळतो, तिथे भूपृष्ठात मोठा भंग आहे. त्याच्या दक्षिणेला पूर्णेचे खोरे खचले आणि गाळाने भरले. त्या गाळातच आपला खारपाणपट्टा. भंगाच्या कडेने मात्र लाव्ह्याच्या खालचे जुने खडक उघडे पडले आहेत. बहिरमच्या बाजूला आणि सालबर्डीला ते पाहता येतात. सालबर्डीच्या नदीत उतरलात तर काळा पाषाण संपून वाळूचा खडक लागतो, जवळच ऊन पाण्याचे झरे आहेत. बहिरमच्या यात्रेत हंडीचे जेवण जेवून आपण परततो, आणि पाठीमागच्या टेकाडात आपल्या काळ्या मातीच्या आजा-पणज्याचे वय दडले आहे याची दादही नसते!

आता थोडे बाहेरचे. आल्प्समध्ये दऱ्या पाहण्याची रीत आपल्याहून वेगळी पडली. तिथे माणसाला कठड्यावर उभे न करता आत नेतात. स्वित्झर्लंडात मायरिंगेन गावाजवळ आरे नदीने चुनखडीच्या कण्यातून वाट कापली आहे. ही घळ सुमारे चौदाशे मीटर लांब, दोनशे मीटरपर्यंत खोल, आणि एके ठिकाणी जेमतेम एक मीटर रुंद. १८८८ साली तिच्या भिंतीला लगटून पाण्याच्या वर पायवाट बसवली, आणि तेव्हापासून म्हातारीकोतारी माणसेही त्या अंधारातून चालत जातात. जर्मनीच्या सीमेत पार्टनाख नावाची घळ आहे. तिची हकीकत आपल्या परतवाड्याला जवळची वाटेल, कारण तीही लाकडाची आहे. वरच्या रानात तोडलेले ओंडके त्या घळीतून पाण्याबरोबर सोडून देत, आणि अडकलेले ओंडके सोडवायला माणसे जीव मुठीत धरून आत उतरत. पाहायला येणाऱ्यांची वाट खोदली गेली ती त्यांच्या मागाहून. १९१२ साली ती घळ निसर्गस्मारक म्हणून राखली गेली. आपल्या गावाची अर्धी कीर्ती सागवानाच्या बाजाराची. ते लाकूड ज्यांनी डोंगरातून काढले त्यांना कुठला नाला कुठे उतरतो हे ठाऊक होते. त्यांचे नातू आज आपल्यात बसले असतील. त्यांना आजाने ते सांगितले होते का, हे मला विचारायचे आहे.

तिसरे उदाहरण मला सर्वांत प्रिय. फ्रान्सात, आल्प्सच्या दक्षिण टोकाला व्हेर्दों नदीची दरी आहे. काही जागी सातशे मीटर खोल. १९०५ च्या ऑगस्टात मार्तेल नावाचा गुहाशोधक त्या दरीच्या तळातून पार गेला. सरकारला नदीच्या पाण्याचा हिशेब हवा होता, म्हणून त्याला पाठवले होते. इतिहासात नाव मार्तेलचे, पण त्याच्याबरोबर गावचे लोक होते, आणि त्यांत रूगों नावाच्या खेड्यातला इझिदोर ब्लां हा शाळामास्तर होता. आज तिथल्या पायवाटेला ब्लां आणि मार्तेल अशी दोघांची नावे आहेत. मास्तराचे नाव आधी येते, याचा मला मास्तर म्हणून किती आनंद होतो हे आपण समजून घ्यालच! मात्र त्या दोघांच्याही आधी त्या दरीत दोरावरून उतरणारी माणसे होती. खेळाचे लाकडी चेंडू करण्यासाठी लागणारे एका झुडपाचे लाकूड आणायला ती कड्यावरून खाली जात. त्यांच्या नावाची वाट नाही.

आपल्याकडे दरीत शिरायची रीत नव्हतीच असे मात्र समजू नका. मुक्तागिरी आठवा. परतवाड्यापासून जवळच, आज मध्यप्रदेशच्या हद्दीत. तिथे धबधब्याच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या कुशीत बावन्न जैन मंदिरे उभी आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या. सालबर्डीला महाशिवरात्रीला हजारो माणसे नदी ओलांडून गुहेतल्या महादेवाला जातात. युरोपियनाने सौंदर्यासाठी पायवाट बांधली, आपण देवासाठी बांधली. चढताना घाम सारखाच येतो.

आणि १८०३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. गाविलगड घ्यायचा म्हणून इंग्रजांच्या स्टीव्हन्सनने आपली फौज धामणगावच्या बाजूने डोंगरात घातली. पाच दिवस सैनिकांनी जड तोफा हातांनी ओढल्या, नाले-दऱ्या ओलांडून, आणि वाटही आपली आपणच करीत, आणि १२ तारखेला किल्ल्याच्या उत्तरेला पोचले. १५ तारखेला गड पडला. दक्षिणेकडून गड किती दुर्गम दिसतो हे आपण रोज पाहतो. तो पडला तो दऱ्यांतून आलेल्यांमुळे. या प्रसंगात अभिमान धरण्यासारखे आपल्यासाठी काही नाही, पण भूगोल शिकण्यासारखे आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला.

१९९१ च्या एप्रिलात मी माझ्या भाच्याला घेऊन चंद्रभागेला मिळणाऱ्या एका नाल्यात गेलो होतो. पोरगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. ताईने बजावले होते, ‘दादा, त्याला एकट्याला पुढे सोडू नको.’ बरोबर एक कोरकू गृहस्थ होते, वय पन्नाशीचे. त्यांची परवानगी घेतलेली नाही म्हणून नाव सांगत नाही. सकाळी निघताना त्यांनी वैराटच्या बाजूला पाहिले. तिकडे ढगाचा एक काळा पुंजका होता. ते म्हणाले, ‘गुरुजी, आज खालच्या वाटेने नको. कडेने जाऊ.’ आमच्या डोक्यावर तर लख्ख ऊन. मी म्हणालो, ‘दादा, इथे कुठे आहे पाऊस?’ ते म्हणाले, ‘पाऊस तिकडे पडते, पाणी इकडे येते.’

मी ऐकले नाही. भूगोलाचा मास्तर होतो ना! पाषाण पाणी जिरू देत नाही, उभ्या उताराच्या नाल्याला पूर यायला तास लागत नाही, हे मीच फळ्यावर लिहीत असे. पण फळ्यावर लिहिलेले पायाला ठाऊक नव्हते. आम्ही अरुंद भागात शिरलो. दोन्हीकडे भिंती, वर आभाळाची चिंधी. शीळकरी कस्तूर गात होता, तो एकाएकी गप्प झाला. मग कोरडा वाळका पाला तरंगत आला, आणि डोहाचे पाणी चहासारखे झाले. दादा ओरडले, ‘वर! वर!’ आणि त्यांनी भाच्याचा दंड धरून त्याला एका कपारीत ढकलले. मी मागून चढलो. पोराचा पाय निसटला, तो पुन्हा खाली गेला, तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागले होते. दादांनी आपल्या डोक्याचे पागोटे सोडून त्याला दिले आणि दोघांनी त्याला ओढून घेतले. त्याच्या नडगीचे हाड मोडले होते. कपारीत आम्ही तिघे चार तास बसलो. खालून झाडाचे बुंधे जात होते. आमच्यावर पावसाचा एक थेंब पडला नाही.

ताईने त्यानंतर सहा महिने मला चहा विचारला नाही. तिचे बरोबरच होते.

पुढे १९९९ च्या जुलैत स्वित्झर्लंडात इंटरलाकेनजवळच्या एका घळीत असाच लोंढा आला. दरीतून उतरण्याचा खेळ खेळायला गेलेली मंडळी आत होती, वर वादळी पाऊस झाला, आणि एकवीस माणसे गेली. त्यांत वाटाडेही होते. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एका माणसाचा होता, आणि सकाळी मी त्याच माणसाचे म्हणणे धुडकावले होते.

ही गोष्ट सांगून मी आपल्याला घाबरवतो आहे असे कृपा करून समजू नका. पण आजकाल तरुण मंडळी मोबाइलवर एखाद्या डोहाचे चित्र पाहतात आणि रविवारी मोटारसायकली काढतात. नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरातल्या, सांदण दरीला तर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. अडवून कोणी थांबणार नाही. मग एकच उपाय उरतो: जे त्या नाल्यात लहानाचे मोठे झाले त्यांना पुढे घालावे, आणि त्यांना त्याचा योग्य मोबदला द्यावा. आल्प्सच्या कितीतरी खेड्यांत वाटाड्याचे काम हा मानाचा धंदा आहे. आपण कोरकू माणसाला ओझे उचलायला बोलावतो, मजुरी देतो, आणि वाट आपण ठरवतो. १९९१ साली मीही तेच केले.

मेळघाटचा मोठा भाग १९७४ पासून व्याघ्रप्रकल्पात आहे, तिथे परवानगीवाचून पायी जाता येत नाही. ते योग्यच आहे. वाघाचे सोडा, दरीच्या कपारीत अस्वल असते, आणि कड्याला आग्या मोहोळ असते; तिथे विडी ओढणाऱ्याने माझ्याबरोबर येऊ नये. पण हद्दीबाहेरही पुष्कळ नाले आहेत. चंद्रभागा, सापन, शहानूर, या नद्यांना डोंगर सोडताच आपण धरणे बांधून अडवले. आपली शेते त्या पाण्यावर भिजतात. ते पाणी धरणाच्या वर कुठून येते हे पाहिलेली किती माणसे या मांडवात आहेत? मागे एका शाळेत मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एका मुलाने उत्तर दिले, ‘नळातून.’ सगळे हसले, मीही हसलो. मग त्याच वर्गात विचारले, दक्षिणेचे आपले पाणी पूर्णेला जाते आणि डोंगराच्या पलीकडचे सिपना-गाडगेचे तापीला, तर ही दोन पाणी पुन्हा भेटतात का? कोणी बोलेना. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथे ती भेटतात.

चालकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे. एक सूचना करून खाली बसतो. येत्या रविवारी मुक्तागिरीच्या अलीकडच्या एका नाल्यात आम्ही काही मंडळी जाणार आहोत. तो व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी पहाटे साडेपाचला बसस्थानकासमोर यावे. जुने कॅनव्हासचे बूट, भाकरी, दोन बाटल्या पाणी, आणि अंगावर भडक रंग किंवा अत्तर नको. त्या दादांचा नातू आमच्या पुढे चालणार आहे. त्याने आभाळ पाहून नको म्हटले तर आपण तिथूनच घरी परतायचे, हे आधी मान्य करून या. माझा भाचाही नागपूरहून येतो म्हणाला आहे. पावसाळी हवेत त्याचा पाय अजून दुखतो, तेव्हा आभाळाविषयी एक मत त्याचेही घेता येईल.