काळ्या फडक्याखालचा कॅमेरा



तालुक्याच्या गावातले जुने फोटो स्टुडिओ एकेक करून बंद पडताहेत. मोबाईल आल्यावर ते व्हायचंच होतं. पण अशा एखाद्या स्टुडिओच्या माळ्यावर अजूनही मोठा लाकडी कॅमेरा सापडतो. सागवानी चौकट, पितळेचे खटके, पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मधे लोहाराच्या भात्यासारखा चुण्यांचा काळा भाता. केरळात अलप्पुळा इथे ‘वागेश्वरी’ नावाचे असे कॅमेरे बनत. आता यातले कितीतरी भंगारातून शहरातल्या हॉटेलांत शोभेला जाऊन बसतात. तुमच्या गटाला असा कॅमेरा मिळाला, तर विकण्याआधी तो चालवून बघा. त्याला ना सेल लागतो, ना चार्जिंग.

मोबाईल असताना हा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. मला सांगा, आपल्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या किती बायकांचा धड फोटो घरात आहे? आधार कार्डावरचा असतो, आणि तो बघून सख्खी सूनसुद्धा ओळखायची नाही. मोबाईलमध्ये काढलेले मोबाईल बिघडला की गेले. मग म्हातारी गेल्यावर भिंतीवर लावायला लग्नातल्या गर्दीच्या फोटोतून तिचं तोंड कापून मोठं करतात.

तर आधी भाता तपासा. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या आत बॅटरी लावून ठेवायची आणि बाहेरून चुण्यांच्या कोपऱ्यांकडे बघायचं. चांदणीसारखं कुठे चमकलं, तर तिथे भोक आहे. काळ्या दाट कापडाचा तुकडा गोंदानं चिकटवला की काम भागतं. भिंगावर धूळ असेल तर मऊ ब्रशनं झटका. पदरानं पुसू नका, चरे पडतात. आत बुरशीची जाळी दिसली, तरी थोडी असेल तर फोटो येतो.

फिल्मची घाई नको. मोठ्या फिल्मचा एकेक तुकडा महाग पडतो, आणि नेहमीची फिल्म मिट्ट काळोखातच हाताळावी लागते. त्याऐवजी काळा-पांढरा फोटो छापायचा कागद मागवा. तो स्वस्त पडतो आणि तांबड्या दिव्याखाली हाताळता येतो. तांबड्या उजेडात तो कापायचा, मागे पुठ्ठा देऊन काचेच्या जागी होल्डरमध्ये बसवायचा, चकचकीत बाजू भिंगाकडे. होल्डर म्हणजे कागदाचं चपटं घर. त्याला सरकतं झाकण असतं.

आता क्रम नीट ऐका, सगळं यावरच आहे. डोक्यावर काळं फडकं घ्या आणि दुधी काचेवर चित्र स्पष्ट करा. ते उलटं दिसेल, माणूस डोक्यावर उभा. घाबरू नका, भिंगाचा धर्मच तो. मग भिंगाचं झाकण लावा. मग होल्डर घाला. मग होल्डरचं झाकण सरकवा. आता भिंगाचं झाकण काढायचं, मोजायचं आणि परत लावायचं. शेवटी होल्डरचं झाकण बंद. भिंग उघडं असताना होल्डरचं झाकण ओढलं, की कागद गेलाच.

किती मोजायचं? कागद आळशी असतो, त्याला फिल्मपेक्षा बराच जास्त उजेड लागतो. पडवीच्या सावलीत दोन-चार सेकंदांपासून सुरुवात करा. एका कागदात अंदाज काढायची युक्ती आहे. होल्डरचं झाकण पूर्ण उघडून दोन सेकंद उजेड द्या, पाव भाग झाका, आणखी दोन द्या, असं पुढे सरका. एकाच कागदावर दोन, चार, सहा, आठ सेकंदांचे पट्टे येतात. बरा दिसेल तो पट्टा धरून चाला. ऊन मात्र टाळा, उन्हात चेहरा अर्धा पांढरा, अर्धा काळा येतो.

आजीला खांबाला टेकवून बसवा म्हणजे मान हलत नाही. पापणी लवली तर चालतं, तेवढं उमटत नाही. आणि तिला आधीच सांगा, या कागदाला तांबडा रंग दिसत नाही. कुंकू काळं येईल, तांबडं लुगडं काळं येईल, निळं फिकट पडेल. नंतर रुसवा नको.

कागद आधी डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग हायपोत. हातमोजे घाला, आणि या ट्रे परत स्वयंपाकात आणू नका. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ते पाणी विहिरीजवळ किंवा परसबागेत ओतायचं नाही. कॅनमध्ये साठवा आणि शहरातल्या फोटो लॅबला विचारून तिथे द्या.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. साडी नेसून जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन त्या फिरत. त्याच्यात चार बाय पाच इंची फिल्म बसे. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता तुमच्या हातातला कागद उलट्या रंगांचा आहे, गोरं काळं आणि काळं गोरं. नव्या कागदावर तो तोंडाला तोंड लावून ठेवा, वर जाड काच दाबा, क्षणभर बल्ब लावा आणि पुन्हा तेच तीन ट्रे. मोठं करायचं यंत्र लागत नाही. कॅमेरा फुलप्लेटचा असेल तर साडेसहा बाय साडेआठ इंचांचा फोटो थेट मिळतो. वाहत्या पाण्यात भरपूर धुवा. हायपो राहिला तर काही वर्षांत पिवळा पडतो.

वाळला की मागे पेन्सिलीनं तारीख आणि नाव लिहा. शाई पुढे फुटते. आणि नाव म्हणजे अमक्याची आई, तमक्याची बायको नव्हे, तिचं स्वतःचं. माहीत नसेल तर तिलाच विचारा.