चिरफाड आणि विटाळ

(कळमना येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कळमन्याच्या बाजारात दिवसभर पोती वाहून तुम्ही इथं बसलात. जनावरं आणि विज्ञान या विषयाशी आपला काय संबंध, असं कोणी म्हणंल. संबंध आहे. तो आपल्या बापजाद्यांच्या हाताला चिकटलेला आहे.

जनावराचं शास्त्र आलं कुठून? मेलेलं जनावर उघडून. काळीज कसं, आतडं कसं, पाणथरी किती सुजली, हे सुरीनं पाहूनच डॉक्टर रोग ओळखायला शिकला. आपल्या माणसांनी हेच काम गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या केलं. ढोर ओढलं, सोललं, कातडं कमावलं. डॉक्टरनं चिरलं तर शवविच्छेदन, आपण चिरलं तर विटाळ! ढोर तेच, सुरी तीच. फरक फक्त हाताच्या जातीचा.

बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. इंग्रजी अमलात उत्तर हिंदुस्थानात आळ यायचा चांभारांवर. कातड्यासाठी ढोराला सोमल घातला म्हणे! मारणारा होता विषाणू, पोलीस धरायचे माणसाला. पुढं लस आली, गावोगाव टोचली गेली. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. रोग गेला. आळ घेणारं डोकं मात्र तसंच राहिलं.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. तेव्हा शिंगं, हाडं, कातडं यांचा हिशोब मांडून तुमचं किती नुकसान होईल हे सांगणारे शहाणे निघाले. आपल्या याच नागपुरात, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात, बाबासाहेबांनी त्या हिशोबाचा समाचार घेतला. इज्जतीचा भाव कातड्याच्या दरानं ठरत नसतो.

आता गिधाडांचं ऐका. १९९० नंतर ती पटापट मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर हजारातलं एखादंच उरलं. मेलेली गिधाडं चिरली, तर आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झालेली. २००४ साली कारण छापून आलं: ढोरांना दुखण्यावर टोचायचं डायक्लोफेनॅक. २००६ साली भारतानं ढोरांसाठी ते बंद केलं. म्हणजे गोठ्यात टोचलेली सुई आभाळातल्या पाखराला लागली. आणि गिधाडं गेल्यावर सडणारं मढं कोणाच्या वाट्याला आलं? ते काही चौकातल्या वाड्यात गेलं नाही!

जो ते काम करतो त्याला मिळतं काय? जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उन्याजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना चाबकानं, सळईनं मारलं. जिला आई म्हणतात तिच्या मढ्याला हात लावायची यांची तयारी नाही, लावणाऱ्याची मात्र पाठ सोलतात. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली ढोरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तो मोर्चा होता, आणि धडाही होता.

आणखी एक सांगतो, हे ध्यानात ठेवा. फाशी नावाचा रोग आहे, ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात. त्याचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८७६ साली दाखवून दिला. धडधाकट ढोर अचानक मेलं, नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर ते उघडायचं नसतं. हवा लागली की जंतू कवच धरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. सोलणाऱ्याच्या हातावर काळ्या खपलीचा फोड येतो. वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो. ही गोष्ट दीडशे वर्षांपासून पुस्तकात आहे. सुरी धरणाऱ्या किती हातांपर्यंत ती पोचली?

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक कॉलेज आहे. जनावरांचं विद्यापीठही इथंच आहे. आपली पोरं तिथं शिकली पाहिजेत, आणि तिथलं ज्ञान वस्तीत आलं पाहिजे. मढं उचलायला यंत्र पाहिजे, हातमोजे पाहिजेत, आणि हे काम जातीवर लादणं बंद झालं पाहिजे. जनावराला लस आणि माणसाला विटाळ, हे असलं अर्धं विज्ञान आपल्याला मंजूर नाही.

जय भीम!