छिन्नमनस्कता : निदान आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात गुणी विद्यार्थ्यांचा गौरव होतो, वृद्धांचा सत्कार होतो, उपवर मुलामुलींचा परिचय होतो. आज कार्यकारी मंडळाने मला ज्या विषयावर बोलावयास सांगितले आहे, तो मात्र आपण घरात दार लावून, आवाज उतरवून बोलतो. 'त्याचे डोके फिरले' एवढ्या तीन शब्दांत आपण ज्याची वासलात लावतो, त्या आजारास छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ३०० माणसांत एकास तो असतो. तेव्हा आपली ज्ञाती त्यास अपवाद असेल, असे मानण्याचे कारण नाही.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव योजिले. 'दुभंगणे' आणि 'मन' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते सिद्ध झाले आहे. त्यावरून एका देहात दोन माणसे वसतात, असा समज रूढ झाला; तो सर्वस्वी चुकीचा आहे. येथे सैल होतो तो विचार, भावना आणि कृती यांना बांधून ठेवणारा धागा. समोर कोणी नसता रुग्णास आवाज ऐकू येतात. आपल्यावर पाळत आहे, अशी त्याची अढळ खात्री होते. बोलण्याचा सांधा तुटतो. उत्साह मावळतो आणि अंघोळ, जेवण, गप्पागोष्टी यांतले मन उडते. ही शेवटची लक्षणे आपण आळस म्हणून हिणवितो आणि तेथेच बहुमोल काळ दवडतो.

मग निदान होते तरी कसे? रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून हा आजार सिद्ध करता येत नाही. त्या तपासण्या केल्या जातात त्या मेंदूचा दाह, अपस्मार यांसारखी अन्य कारणे वगळण्यासाठी. गांजा किंवा इतर मादक द्रव्यांचाही विचार करावा लागतो. खरे निदान उभे राहते ते रुग्णाशी केलेल्या शांत संभाषणावर, घरच्यांनी दिलेल्या हकीकतीवर आणि काळाच्या कसोटीवर. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार किमान दोन लक्षणे महिनाभर वा अधिक काळ बहुतेक वेळ टिकलेली असावी लागतात, व त्यांपैकी एक तरी प्रमुख लक्षण असावे लागते. दिवंगत आईची हाक एकदा कानी आली, एवढ्याने कोणी रुग्ण ठरत नाही.

कायद्यानेही येथे मर्यादा घातली आहे. समाजाच्या रूढी, नीतिकल्पना वा धर्मश्रद्धा यांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. ज्ञातीबाहेर विवाह करू पाहणाऱ्या मुलीस 'वेडी' म्हणणे हे निदान नव्हे, हे आपण विशेष ध्यानी धरावे.

निदानाचे अर्धे साधन अशा रीतीने घरच्यांच्याच हाती असते. तेच झाकले गेले म्हणजे काय होते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. माझा एक चुलतभाऊ बाविसाव्या वर्षी आजारी पडला. उपचारास दोन वर्षे विलंब झाला, तरी गोळ्यांनी उतार पडून तो एका दुकानात हिशेब लिहू लागला. मग घरात ठरले की, दोनाचे चार हात झाले म्हणजे उरलेसुरले आपोआप जाईल. मुलीकडच्यांना काहीच कळविले नाही. नव्या सुनेच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यात गोळ्या बंद करण्यात आल्या. चार महिन्यांत ते आवाज परतले. भाऊ इस्पितळात गेला आणि ती मुलगी माहेरी गेली. तीही आपल्याच ज्ञातीची लेक होती.

लग्न ठरविणाऱ्या त्या बैठकीत मी होतो. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी होतो, परिणाम मला ठाऊक होते. तथापि वडीलधाऱ्यांपुढे मी मौन धरले. आज आपणापुढे उभा राहिलो आहे तो त्या मौनाची थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून.

आनुवंशिकतेची भीती आपणांस मौन धरावयास लावते. तो अंश खरा आहे, पण तो सर्वस्व नव्हे. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकास हा आजार असता दुसऱ्यास तो होण्याचा संभव सुमारे निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो. आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांस हा आजार नसतोच. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसून आला, तेव्हापासून औषधांचा मार्ग खुला आहे. कित्येक रुग्ण आज संसार व नोकरी सांभाळून आहेत. मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून औषध थांबवू नये, आणि विवाहास औषध मानू नये.

आपल्या वधूवर समितीस माझी नम्र विनंती आहे. पत्रिका जुळविण्यापूर्वी आरोग्याची हकीकत दोन्ही घरांनी मोकळेपणी सांगावी. जो सांगेल त्याच्याविषयी कुजबुज न करता त्यास आधार द्यावा. कोठे जावे हे न सुचल्यास १४४१६ या क्रमांकावर शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

माझा भाऊ आज पुन्हा हिशेब लिहितो. त्याच्या गोळ्यांची डबी आता देवघराशेजारच्या फळीवर, सर्वांच्या देखत असते. आपल्या प्रत्येक घरात त्या डबीस अशी उघडी जागा मिळो, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.